मास्तर विधायक कसे झाले, हे नीट लिहून काढायचं असेल तर

घरातले आजोबा, गल्लीतल्या बाई, शाळेतले हेडमास्तर, जे कोणी आधी खडू हातात घेऊन उभे राहिले आणि नंतर विधायक (म्हणजे आमदार) होऊन भोपाळला विधानसभेत जाऊन बसले, त्यांच्यावर काहीतरी नीट लिहून ठेवावं असं वाटणारे आपल्या इंदूरात बरेच जण आहेत, स्मरणिकेसाठी म्हणा, शाळेच्या शताब्दीसाठी म्हणा, नाहीतर नुसतं नातवंडांना कळावं म्हणून. आणि लिहायला बसलं की काय होतं, पहिला परिच्छेद "आदर्श शिक्षक होते", दुसरा परिच्छेद "लोकप्रिय विधायक होते", की झालं. मधली सात-आठ-दहा वर्षं गायब. माझं म्हणणं एवढंच आहे की चरित्र म्हणजे तीच मधली वर्षं. वर्गात शिकवणारा माणूस कोणाच्या ओळखीने, कोणत्या रागाने, कोणत्या संघटनेतून तिकिटापर्यंत पोचला, नोकरी कधी सोडली, पहिल्यांदा पडला का, घर कशावर चाललं, हे कळलं तर मागचं-पुढचं सगळं आपोआप जागेवर बसतं. म्हणून खालचं सगळं त्या मधल्या वर्षांकडे पोचायचा रस्ता म्हणून वाचा.

सुरुवात आठवणींनी करू नका. आधी एक कागद घ्या आणि त्यावर फक्त साल लिहा. मध्य प्रदेशच्या विधानसभेच्या निवडणुका 1957, 1962, 1967, 1972, 1977, 1980, 1985, 1990, 1993, 1998, 2003, 2008, 2013, 2018 आणि 2023 अशा झाल्या. 1952 ची जी निवडणूक झाली ती इंदूर-ग्वाल्हेरसाठी मध्य भारत राज्याची होती, 99 सदस्यांची विधानसभा, ते राज्य 28 मे 1948 ला बनलं आणि 1 नोव्हेंबर 1956 ला नव्या मध्य प्रदेशात विरून गेलं. तर तुमचे सर 1952 ला निवडून आले असतील तर ते "मध्य प्रदेशचे विधायक" झाले असं लिहू नका, ते मध्य भारताचे होते आणि त्यांची विधानसभा भरायची ती ग्वाल्हेरला, भोपाळचा तेव्हा संबंधच नव्हता.

दुसरं म्हणजे प्रत्येक कार्यकाळ पाच वर्षांचा धरू नका. इथेच सगळे घसरतात. 1977 मध्ये जे निवडून आले त्यांची विधानसभा फेब्रुवारी 1980 मध्ये बरखास्त झाली. 1990 वाल्यांची डिसेंबर 1992 मध्ये, अयोध्येनंतर. म्हणजे 1990 ला पहिल्यांदा निवडून आलेल्या एखाद्या मास्तरांना धड तीन वर्षंसुद्धा मिळाली नाहीत, आणि "पाच वर्षांत काय केलं" हा प्रश्न त्यांना विचारणंच चूक आहे. उलट एखादे सर 1972 ला आले असतील तर आणीबाणीचा मोठा काळ त्यांनी विधायक म्हणूनच काढलाय, तेव्हा ते सभागृहात होते की जेलमध्ये की गप्प, हे तुम्हाला शोधायलाच लागेल.

मग मतदारसंघ. 1957 ला 288 जागा होत्या, 1967 ला 296 झाल्या, 1977 पासून 320, आणि 1 नोव्हेंबर 2000 ला छत्तीसगड वेगळं झालं तेव्हा 90 तिकडे गेल्या आणि आपल्याकडे 230 उरल्या. 2008 च्या निवडणुकीपासून पुन्हा सीमा बदलल्या, इंदूर जिल्ह्यात राऊ ही जागा तेव्हाच नवीन आली. त्यामुळे "इंदूर-4" म्हटलं की आजच्या इंदूर-4 मधल्या कॉलन्या डोळ्यांपुढे आणू नका, त्या वेळच्या सीमा बघा, नाहीतर तुम्ही त्यांना अशा वस्तीचे विधायक ठरवाल जी तेव्हा शेत होती. जिल्हेसुद्धा बदलतात. सुसनेर आज आगर-माळवा जिल्ह्यात आहे, पण ऑगस्ट 2013 च्या आधी ते शाजापूरमध्ये होतं.

निकाल शोधायला निवडणूक आयोगाच्या साइटवर प्रत्येक निवडणुकीचा सांख्यिकी अहवाल पीडीएफमध्ये मिळतो, अगदी पहिल्या निवडणुकीपासूनचा. त्यात उमेदवार, पक्ष, मतं सगळं असतं. पण आपली मराठी आडनावं त्यात ओळखू येत नाहीत कधी कधी, कारण इंग्रजी स्पेलिंग ज्याने जसं ऐकलं तसं टाकलंय, आणि मधलं नाव कधी असतं कधी नसतं. म्हणून नावाने सर्च करून "सापडलं नाही" म्हणू नका, मतदारसंघाचं पान उघडा आणि सगळे उमेदवार वाचा. हरलेलेपण वाचा. तुमचे सर जिंकायच्या आधी एकदा पडले असतील तर ते तिथेच दिसेल, घरचे लोक ती निवडणूक सांगत नाहीत, विसरलेले असतात किंवा नको असते. डिपॉझिट गेलं का तेही काढता येतं, झालेल्या वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा कमी पडली की जप्त. पडलेली निवडणूक चरित्रात घ्याच, माणूस किती टिकाऊ होता ते तिथून कळतं.

आता शाळेची बाजू. "शिक्षक होते" हे तीन-चार वेगवेगळ्या गोष्टींना म्हणतात आपल्याकडे, तर आधी ते फोडा. सरकारी शाळेत होते, की अनुदानित खाजगी संस्थेत, की कॉलेजात व्याख्याते, की ट्यूशन क्लास चालवायचे. नंतरच्या पिढीचे असतील तर शिक्षाकर्मी होते का ते विचारा, कारण शिक्षाकर्मी पंचायत नाहीतर नगरीय निकायाकडून (नगरपालिका, नगर निगम) भरती झालेले, शिक्षण खात्याचे सरकारी नोकर नव्हेत, 2007 मध्ये त्यांचा अध्यापक संवर्ग (वेगळी श्रेणी) बनला आणि 2018 मध्ये त्यांना खात्यात सामावून घ्यायचं ठरलं. या फरकावरून पगार, बदली, मानसन्मान सगळं ठरत होतं, आणि त्यातून आंदोलनं उभी राहिली, त्यातून नेते उभे राहिले. मुरलीधर पाटीदार हे अध्यापकांच्या आंदोलनाचे नेते, 2013 मध्ये भाजपकडून सुसनेरहून विधायक झाले. त्यांच्यासारख्या माणसाचं चरित्र लिहिताना कोणत्या शाळेत काय शिकवलं यापेक्षा धरणं कुठे दिलं, मागण्या काय होत्या, सरकारशी बोलणी कोणी केली हे जास्त महत्त्वाचं.

जुन्या लोकांची डिग्री तारीख ठरवायला खूप कामाला येते. इंदूरच्या कॉलेजात शिकूनही सर्टिफिकेटवर आग्रा युनिव्हर्सिटी असेल तर ते 1957 च्या आसपास किंवा त्याआधीचे, विक्रम असेल तर उज्जैनची युनिव्हर्सिटी 1957 मध्ये सुरू झाली त्यानंतरचे, आणि इंदूर युनिव्हर्सिटी 1964 ची, तिचं नाव देवी अहिल्या विश्वविद्यालय झालं 1988 मध्ये. कोणी सांगितलं की "सरांनी 1960 ला देवी अहिल्यामधून एम ए केलं", तर लगेच पेन्सिलने खूण करा.

शाळेत जाऊन काय मागायचं, तर आधी प्राचार्यांना अर्ज द्या, साध्या शब्दांत, कशासाठी पाहिजे ते लिहून. उपस्थिती रजिस्टर, जुनी वार्षिक अंकं, स्नेहसंमेलनाचे फोटो, स्टाफ रूममधला तो लाकडी बोर्ड ज्यावर आजवरच्या प्रधानाध्यापकांची नावं आणि वर्षं रंगवलेली असतात, त्याचा फोटो नक्की काढा. सेवापुस्तिका मात्र आरटीआयने (माहितीच्या अधिकारात) मिळेल अशी आशा धरू नका, सुप्रीम कोर्टाने 2012 मध्ये गिरीश देशपांडे प्रकरणात नोकरीची अशी कागदपत्रं ही वैयक्तिक माहिती आहे असं म्हटलंय. घरच्यांकडे बहुतेक वेळा पेन्शनच्या कागदांबरोबर एक प्रत किंवा निदान नियुक्तीपत्र असतं, तिथून घ्या, त्यांची परवानगी घेऊन.

आणि आता मधली वर्षं.

पहिला प्रश्न, नोकरी कधी आणि कशी सुटली. सरकारी शिक्षकाला राजकारणात भाग घेता येत नाही, मध्य प्रदेश सिव्हिल सेवा आचरण नियम 1965 मध्ये नियम 5 त्यासाठीच आहे. फायद्याचं पद हातात असेल तर संविधानाचा अनुच्छेद 191 आडवा येतो. म्हणजे अर्ज भरायचा तर आधी राजीनामा पाहिजे, आणि नुसता देऊन चालत नाही, छाननीच्या दिवसापर्यंत तो मंजूर झालेला पाहिजे. हे किती अडकू शकतं ते 2023 मध्ये सगळ्यांनी पाहिलं, डेप्युटी कलेक्टर निशा बांगरे यांनी जूनमध्ये राजीनामा दिला, मंजूर व्हायला ऑक्टोबर उजाडला आणि तोपर्यंत आमला मतदारसंघात दुसऱ्याला तिकीट मिळालं होतं. त्या शिक्षिका नव्हत्या पण नियमांची अडचण तशीच असते. तर तुमच्या सरांच्या बाबतीत राजीनाम्याची तारीख, मंजुरीची तारीख आणि अर्ज भरायची तारीख या तीन एकाखाली एक लिहा. राजीनामा निवडणुकीच्या दोन महिने आधीचा असेल तर तिकीट जवळपास नक्की होतं, चार वर्षं आधीचा असेल तर माणसाने पोटावर दगड ठेवून उडी मारलीय, आणि दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. रिटायर होऊन लढले असतील तर तेही साफ लिहा.

सगळीकडे हाच क्रम असतो असंही नाही. केरळमधल्या के. के. शैलजा विज्ञानाच्या शिक्षिका, 1996 मध्ये कूत्तुपरंबहून विधानसभेत पहिल्यांदा निवडून आल्या आणि शाळा सोडली ती 2004 मध्ये, स्वेच्छानिवृत्ती घेऊन, म्हणजे आधी आमदारकी आणि मग नोकरीचा शेवट. आनंदीबेन पटेल यांचं बघा, अहमदाबादच्या मोहिनाबा कन्या विद्यालयात शिकवायच्या, तिथेच प्राचार्य झाल्या, 1987 मध्ये सहलीत बुडणाऱ्या दोन विद्यार्थिनींना वाचवायला पाण्यात उडी मारली, त्याच वर्षी भाजपमध्ये आल्या, 1994 मध्ये राज्यसभा, 1998 मध्ये मांडलहून आमदार, पुढे शिक्षणमंत्री, 2014 मध्ये गुजरातच्या मुख्यमंत्री, आणि नंतर आपल्याच मध्य प्रदेशच्या राज्यपाल. लोक त्या उडीवर थांबतात. पण 1987 ते 1998 ही अकरा वर्षं बघा ना, पक्षात काय काम दिलं, महिला मोर्चा, दौरे, शाळा आणि पक्ष दोन्ही कसं सांभाळलं, खरं चरित्र तिथे आहे.

आपल्या सरांसाठी हीच वर्षं कुठे सापडतील, तर नगर निगमच्या पार्षदांच्या (नगरसेवकांच्या) याद्या बघा, शिक्षक संघटनेची जुनी पत्रकं बघा, सहकारी पतपेढीचे अहवाल, गणेशोत्सव मंडळांच्या स्मरणिका (यात व्याख्यानाला कोण आलं होतं ते छापलेलं असतं आणि वक्ता हळूहळू मोठा होत जाताना दिसतो), मराठी समाजाच्या संस्थांच्या कार्यकारिणी. नईदुनिया 1947 पासून इंदूरातून निघतोय, निवडणुकीच्या आधीचे दोन-तीन महिने आणि निकालानंतरचा आठवडा एवढंच चाळलं तरी खूप मिळतं, जुन्या फाइलींसाठी अहिल्या सेंट्रल लायब्ररीत विचारा. आणीबाणीत आत होते का हेही बघा, मीसाखाली (विनाचौकशी अटकेचा कायदा) बंद असलेल्यांना राज्य सरकार 2008 पासून सन्मान निधी देतंय, त्यामुळे घरात त्याचे कागद असायची शक्यता आहे.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो कारण पुण्या-नाशिकचे नातेवाईक हमखास गोंधळ घालतात. त्यांच्याकडे "शिक्षक आमदार" म्हणजे विधान परिषदेचा, महाराष्ट्राच्या 78 जणांच्या परिषदेत 7 जागा शिक्षक मतदारसंघाच्या आहेत आणि तिथे मतदान शिक्षकच करतात. मध्य प्रदेशात विधान परिषद नाहीच. आपले सर जे निवडून आले ते किराणावाला, मिलमधला कामगार, हमाल, गृहिणी सगळ्यांच्या मतांवर आले. हा फरक लेखात एका वाक्यात तरी टाका, नाहीतर महाराष्ट्रातला वाचक वेगळंच समजून बसेल.

भोपाळची बाजू त्या मानाने सोपी. विधानसभा "सदस्य परिचय" छापते, त्यात जन्मतारीख, शिक्षण, व्यवसाय, राजकीय जीवनाचा क्रम दिलेला असतो. पण ही माहिती सदस्याने स्वतः दिलेली असते, तर ती त्यांचं म्हणणं म्हणून वापरा, आणि व्यवसायात शेती दिसली म्हणून दचकू नका, शाळा सोडलेला माणूस तेच लिहितो.

मग प्रश्न बघा, हे माझं आवडतं काम. तारांकित (तोंडी उत्तराचे), अतारांकित (लेखी उत्तराचे), ध्यानाकर्षण (लक्षवेधी), शून्यकाळातल्या सूचना, अशासकीय संकल्प (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेला ठराव). अलीकडच्या वर्षांचं विधानसभेच्या साइटवर बरंच आहे, जुन्यासाठी भोपाळला विधानसभेच्या ग्रंथालयाला लिहून परवानगी घ्यायला लागते. शिक्षक राहिलेला विधायक काय विचारतो ते वाचायचं, शाळेत किती पदं रिकामी आहेत, इमारत पडकी आहे, हॅंडपंप नाही, अतिथी शिक्षकांचं मानधन थकलंय, असे प्रश्न येतात का, की शाळा सुटल्यावर शाळेचा विषयच सुटला? हे तुम्हाला कोणत्याही भाषणापेक्षा जास्त सांगेल. उत्तरंपण वाचा. "जानकारी एकत्रित की जा रही है" एवढंच उत्तर खूपदा दिसेल, तर त्याच विषयावर त्यांनी पुढच्या सत्रात पुन्हा विचारलं का ते शोधा, पुन्हा विचारणारा माणूस वेगळा असतो. आणि ते मंत्री झाले तर प्रश्न एकदम शून्यावर येतील, कारण मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात, ते बघून "नंतर निष्क्रिय झाले" असं लिहू नका.

जुन्या काळचं लिहित असाल तर विधानसभा 1996 पर्यंत मिंटो हॉलमध्ये भरायची, आत्ताची चार्ल्स कोरिया यांनी डिझाइन केलेली इमारत त्यानंतरची, फोटोखाली ओळ लिहिताना लक्ष ठेवा.

केलेल्या कामांसाठी मतदारसंघात फिरा. शाळेच्या खोलीवर, सामुदायिक भवनावर, बोरिंगवर भूमिपूजनाची नाहीतर लोकार्पणाची पाटी असते, तारखेसकट. विधायक निधीतल्या कामांची यादी जिल्हा योजना व सांख्यिकी कार्यालयाकडे असते, ती आरटीआयने मागता येते, इथे वैयक्तिक माहितीचा प्रश्न येत नाही. पाटीवर नाव आहे म्हणजे काम त्यांनीच आणलं असं नसतं, मंजुरी आधीच्या विधायकाच्या वेळची असू शकते, दोन्ही जुळवा.

2003 नंतरचे असतील तर शपथपत्र बघाच, अर्जाबरोबर ते द्यायला लागतं, संपत्ती, कर्ज, गुन्हे, शिक्षण सगळं त्यात. दोन निवडणुकांची शपथपत्रं शेजारी ठेवून वाचा. एखाद्या मास्तरांचं घर, जमीन, ठेव पहिल्या आणि तिसऱ्या निवडणुकीत किती बदलली हे लिहायचं धैर्य ठेवा, वाढलं असेल तरी लिहा, तसंच राहिलं असेल तर तेही मानाने लिहा. फक्त पॅन, घरचा पत्ता, मुलांची माहिती हे छापू नका.

सालांचा कागद आणि निवडणुकीचे निकाल हाताशी आले की माणसांकडे जा, बाकीच्या कागदांसाठी थांबू नका. जुन्या विद्यार्थ्याला "सर कसे होते" विचारलं की "फार चांगले होते" येतं आणि मुलाखत संपते. त्यापेक्षा विचारा, तुम्ही तेव्हा कितवीत होता, कोणता विषय, वर्गात किती जण, सर सायकलवर यायचे का, कोणाला मारायचे, कोणाची फी भरली. साल आठवत नसेल तर "तुमची अकरावीची बोर्डाची परीक्षा कधी झाली" विचारा, ते पक्कं आठवतं, तिथून मागे-पुढे मोजता येतं. विरोधात काम केलेल्या एका तरी माणसाला भेटा, म्हातारपणी लोक विरोधकाबद्दल आश्चर्य वाटेल इतकं मोकळं आणि न्यायाने बोलतात. आणि काकूंना, म्हणजे सरांच्या घरातल्या बाईमाणसाला वेगळं बसवून विचारा, राजीनाम्याच्या महिन्यात घर कशावर चाललं. हे सरांनी कधीच कोणाला सांगितलेलं नसतं. बाई स्वतः विधायक असतील तर हाच प्रश्न त्यांच्या यजमानांना, आणि सोबत हेही की प्रचाराला त्या रात्री-बेरात्री जायच्या तेव्हा घरात कोण काय म्हणायचं.

रेकॉर्डिंग करायच्या आधी विचारा, आणि फाइलला नाव-तारीख लगेच द्या, व्हॉट्सॲपवर ठेवली की गेली समजा.

लिहिताना प्रत्येक परिच्छेदात निदान एक तारीख आणि एक जागा असू द्या. कागद आणि आठवण जुळत नसेल तर दोन्ही द्या, "घरच्यांच्या आठवणीप्रमाणे 1966, निकालाप्रमाणे 1967" असं सरळ. गौरवाची विशेषणं काढून टाका आणि त्या जागी प्रसंग ठेवा. आपल्याकडे सरवटे बस स्टँडवरून हजारो माणसं रोज जातात, पण विनायक सीताराम सरवटे संविधान सभेत मध्य भारताचे सदस्य होते आणि बालनिकेतनवाल्या शालिनीताई मोघे त्यांची मुलगी, हे किती जणांना सांगता येईल? संविधान सभेतली चर्चा निदान छापलेली आहे, आज कोणीही उघडून वाचू शकतं. आपल्या मोहल्ल्यातल्या मास्तरांचं तसं काही छापलेलं नसतं, जे आहे ते एका कपाटात आणि दोन-तीन म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात, म्हणून घाई करा, मुलाखती आधी आटपा आणि भोपाळची फेरी नंतर ठेवा.

मसुदा तयार झाला की घरच्यांना दाखवा पण तारखा आणि नावं तपासण्यापुरता, हे आधीच बोलून घ्या, कारण नाहीतर पडलेली निवडणूक आणि पक्षबदल हे दोन परिच्छेद पहिल्यांदा कापायला सांगतात. मग तीन प्रती काढा, एक शाळेला, एक लायब्ररीला, एक घरी, आणि मुलाखतींच्या फाइली पेन ड्राइव्हवर टाकून शाळेच्याच प्रतीबरोबर सही घेऊन जमा करा.